एकोणीसचा वर्ग

पुण्याचा डीलर फोनवर विचारतो, नळी मागवू का?
मी म्हटलं, "आठवड्यात सांगतो."
तो गडबडला. "जरा मॅडमना देता का?"
आमच्याकडे बायकाही सांगतो, जातो, नेम धरतो असंच बोलतात,
हे त्याला कोण समजावणार.
नळी जर्मन. सव्वादोन लाख. बसवणावळ वेगळी.

उद्यमबागेत व्हॉल्व्ह तपासतो मी, सतरा वर्षं झाली.
दोन मायक्रॉन जास्त भरले की माल परत.
ऑपरेटर शिव्या देतात,
कानडीत सुरू करून मराठीत संपवतात.
आणि स्वतःची रायफल न मोजता
नोटा तेवढ्या मोजायच्या,
हे हाताला पटेना.

रविवारी रेंजवर वाळूच्या पिशव्या रचल्या.
गुंजीकर हवालदारांनी
(निवृत्त म्हटलं की त्यांना ऐकू येत नाही)
रायफल त्यांत निजवली, तापातलं पोर निजवावं तशी.
तीनशे मीटर. दहा गोळ्या.
त्यात माझा खांदा नाही, श्वास नाही,
महिनाअखेर नाही.
साडेसात सेंटिमीटरात सगळी भोकं.

मग चटईवर मी पडलो. दहा गोळ्या.
एकोणीस.

दहाचं वर्तुळ दहा सेंटिमीटरांचं असतं.
म्हणजे रायफल केव्हाची आत जाऊन बसलीय
आणि मी अजून दारात
चपला काढतोय.

चुका सरळ मिळवायच्या नसतात,
वर्ग करून मिळवायच्या.
कारखान्यात हे पहिल्या वर्षी शिकवतात.
एकोणीसचा वर्ग तीनशे एकसष्ट.
त्यातून रायफलचे सव्वाछप्पन गेले.
उरलं ते सगळं माझं.
नवी नळी चारात मारते म्हणतो डीलर. धरू खरं.
सोळा मिळवले, मूळ काढलं चहाच्या पावतीमागे:
सतरा पूर्णांक नऊ.
सव्वादोन लाखांना अकरा मिलिमीटर.
करंगळीचं नख.

खरं सांगतो, राग आला.
गेल्या वर्षी शेवटची गोळी सातात गेली
तेव्हापासून मी नळीला बोल लावत होतो,
झिजली, तापते, हिचं वय झालं.
आता ती निर्दोष सुटली
आणि कोर्टात मी एकटाच उभा.

इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

पण नीलांबिका आहे. बैलहोंगलची, पॉलिटेक्निकला शिकते,
हवालदारांच्या डोळ्यांदेखत माझीच रायफल चालवते.
तिचा गट नऊ.
पावतीवर जागा नव्हती, तळहातावर मांडलं:
एक्याऐंशी, वजा, अधिक, मूळ.
सहा पूर्णांक चार.
पेन थांबलं.
नळी वाया जाणारी नव्हती तर.
माझ्या खांद्याखाली वाया जाणार होती.

तिला विचारलं, नवी नळी घातली तर?
ती दुर्बिणीला डोळा लावून
भुईवरची वाफ बघत होती,
चोर्ल्याकडून येणारा वारा वाफेला कसा लोळवतो ते.
मान न वळवता म्हणाली,
"बंदूक साकु, अक्का. गाळी नोडबेकु."
बंदूक पुरे. वारा बघायला हवा.
हवालदारांनी निपाणीची विडी पेटवली,
धूर डावीकडे गेला, मग उगाच थांबला,
मग उजवीकडे.
"बघितलंस?" ते म्हणाले.
कुणाला, ते कळलं नाही.
मी दोघींच्या वतीने हो म्हटलं.

सोमवारी कारखान्यातला टॉर्क पाना आणून
दस्त्याचे दोन स्क्रू नीट आवळले. फुकट.
चारशे काडतुसांची चिठ्ठी केली.
वाऱ्याच्या निशाण्या शिवायला
शहापुरातून लाल कापड आणलं, दीड मीटर.

आज शनिवार.
टेबलावर फोन थरथरतोय, पुण्याचा नंबर.
तळहात दोनदा धुतला,
सहा पूर्णांक चार अजून पुसट दिसतंय.
आठवड्यात सांगतो म्हटलं होतं.